वरंबा फुटण्याआधी

पावसाळा मध्यावर आला की शिरूर-दौंडकडच्या बातम्यांत एक इंग्रजी शब्द हमखास दिसतो, ओव्हरफ्लो. चिंचणीचे घोड धरण ओव्हरफ्लो झाले म्हटल्यावर शिरूरपासून श्रीगोंद्यापर्यंत लोकांचा जीव भांड्यात पडतो. रब्बीची काळजी मिटते, जलपूजनाचे नारळ फुटतात. तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवर पुण्यात, हडपसरच्या किंवा हिंजवडीच्या एखाद्या कचेरीत हाच शब्द कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटला तर समोर बसलेल्याचा चेहरा उतरतो. धरणाला सांडवा बांधलेला असतो. सी भाषेतल्या कप्प्याला तो नसतो.

या कप्प्याला संगणकवाले ‘बफर’ म्हणतात. माहिती काही क्षण ठेवण्यासाठी स्मृतीत आखून घेतलेली ही ठरावीक मापाची जागा. मापापेक्षा जास्त माहिती तिच्यात ओतली गेली की ‘बफर ओव्हरफ्लो’ होतो. रात्रीच्या विजेवर कांद्याला दारे धरणाऱ्या माणसाला हे फार समजावून सांगावे लागत नाही. वाफा भरत आला की खोऱ्याने माती ओढून त्याचे तोंड बुजवायचे आणि पुढच्याचे उघडायचे. डोळा लागला तर पाणी वरंबा ओलांडते आणि शेजारच्या वाफ्यात घुसते. तिथे कालच लावलेले रोप असते. चूक या वाफ्याची, नुकसान त्या वाफ्याचे. स्मृतीतही असेच होते. फरक एवढाच की शेजारच्या कप्प्यात पुष्कळदा एक फार मोलाची चिठ्ठी ठेवलेली असते: हे काम संपले की प्रोग्रॅमने परत कुठे जायचे, तो पत्ता. सांडलेल्या माहितीने तो पुसला गेला तर प्रोग्रॅम कोसळतो. आणि कुणी मुद्दाम मोजूनमापून माहिती सांडली तर जुन्या पत्त्याच्या जागी त्याला हवा तो पत्ता बसतो आणि मशीन त्याच्या हुकमात जाते.

याला मराठीपुरते एक खास वळण आहे. गावाचे नाव साठवायला कुणीतरी दहा बाइटचा कप्पा केला, असे धरू. रोमन लिपीत शिरूरची अक्षरे सहा, आणि शब्द संपल्याची खूण म्हणून सी भाषा शेवटी शून्याचा एक बाइट जोडते, एकूण सात. ऐसपैस मावले. 1991 मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक ठरले. पुण्याच्या सी-डॅकने आपल्या ‘जिस्ट’ तंत्रज्ञानातून ते घराघरांत नाही तरी कचेऱ्या-कचेऱ्यांत नेले. त्यात प्रत्येक खुणेला एक बाइट लागे. श, त्याची वेलांटी, र, त्याचा दीर्घ उकार आणि शेवटचा र, अशा पाच खुणा; शून्य धरून सहा बाइट. तेही मावले. पुढे युनिकोड आले आणि केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी 1992 मध्ये आखलेली यूटीएफ-8 ही पद्धत सगळीकडे रुळली. तिच्यात देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते. आता शिरूरला पंधरा अधिक एक, म्हणजे सोळा बाइट लागतात. सहा बाइट कप्प्याबाहेर. चार खुणांच्या दौंडला तेरा लागतात, म्हणजे तीन बाहेर. रोमन अक्षरे मोजून आखलेल्या जुन्या कप्प्यांत मराठी नाव टाकणे म्हणजे वरंबा फोडणेच होय, आणि नाव टाकणाऱ्याचा त्यात काडीचा दोष नाही.

हा दोष जुना आहे. डेनिस रिची अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सी भाषा घडवत होता तो काळ 1972 च्या आसपासचा. इकडे महाराष्ट्रात बहात्तरचा दुष्काळ पडला होता. तेव्हाची यंत्रे मंद आणि स्मृती तुटपुंजी, त्यामुळे प्रत्येक वेळी कप्प्याचे माप तपासण्याचा खर्च सी भाषेने टाळला आणि ती जबाबदारी लिहिणाऱ्यावर सोडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जेम्स अँडरसन यांनी अमेरिकी हवाई दलासाठी संगणक-सुरक्षेचा एक अहवाल लिहिला. पत्ते आणि मापे नीट न तपासणाऱ्या कोडमुळे वापरणाऱ्याची माहिती खुद्द यंत्रणेच्याच सूचनांवर लिहिली जाऊ शकते, हे त्यात स्पष्ट म्हटले होते. म्हणजे दुखणे आणि त्याचे निदान एकाच वर्षीचे. औषधाकडे मात्र पुढची सोळा वर्षे फारसे कुणी पाहिले नाही.

2 नोव्हेंबर 1988 च्या संध्याकाळी कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’ इंटरनेटवर पसरला. ‘फिंगर’ ही सेवा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 512 बाइटचा कप्पा होता. त्यात ओळ वाचून घेण्याचे काम ‘गेट्स’ नावाच्या सी भाषेतल्या तयार फंक्शनकडे होते, आणि ‘गेट्स’ला कप्प्याचे माप सांगण्याची सोयच नव्हती. मॉरिसच्या वर्मने त्यात 536 बाइट पाठवले. चोवीस बाइट सांडले आणि व्हॅक्स जातीची मशीन त्याच्या ताब्यात गेली. तेव्हाच्या अंदाजाने सुमारे 6,000 मशीन आजारी पडली, म्हणजे त्या वेळच्या इंटरनेटचा जवळपास दहावा हिस्सा. अशा आपत्तींवर लक्ष ठेवणारे ‘सर्ट’ हे केंद्र त्याच वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठात उभे राहिले.

चूक शोधायच्या वाटा दोनच. कालव्याला आवर्तन सोडायचे आणि कुठे फुटतो ते पाहायचे, ही एक. किंवा आवर्तनाआधी कोरड्या कालव्याच्या भरावावरून चालत जाऊन भेगा, बिळे आणि खचलेल्या जागा हुडकायच्या, ही दुसरी. पहिलीला संगणकात टेस्टिंग म्हणतात आणि दुसरीला स्टॅटिक अ‍ॅनॅलिसिस. यात कोड चालवायचा नाही, फक्त वाचायचा, आणि तोही माणसाने नव्हे तर दुसऱ्या प्रोग्रॅमने. पहिल्या वाटेची किंमत पुणेकरांनी डोळ्यांनी पाहिली आहे. 27 सप्टेंबर 2018 रोजी मुठा उजव्या कालव्याची भिंत दांडेकर पुलाजवळ फुटली आणि खालच्या वस्त्यांतल्या घरांत पाणी शिरले. हाच कालवा हडपसरवरून पुढे दौंड-इंदापूरची शेती भिजवायला जातो.

कोड वाचणाऱ्या हत्यारांचा मूळपुरुष म्हणजे ‘लिंट’. बेल लॅब्जच्याच स्टीफन जॉन्सन यांनी 1978 मध्ये ते लिहिले. लिंट म्हणजे कपड्याला चिकटणारे सूत आणि कचरा. कोडवरचा असा कचरा झटकायचा, हा नावामागचा भाव. पण कप्पा कुठे सांडेल हे लिंटला फारसे कळत नसे. ती नजर फ्रान्सच्या पॅट्रिक आणि राधिया कुझो या दांपत्याने 1977 मध्ये दिली. त्यांची कल्पना अशी: चालत्या प्रोग्रॅममध्ये एखाद्या संख्येची नेमकी किंमत काय असेल ते ठाऊक नसले तरी ती कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, हे कोड नुसते वाचून काढता येते. वरच्या उदाहरणात कप्पा दहाचा. येणाऱ्या नावाची लांबी शून्यापासून कितीही. मग शून्याचा बाइट धरून गरज एकपासून कितीही, आणि ‘कितीही’ दहापेक्षा मोठे आहे, सबब इशारा. लिहिणाऱ्याने आधीच ‘लांबी दहापेक्षा कमी असेल तरच उतरवा’ अशी अट घातली असेल तर पल्ला शून्य ते नऊ होतो, गरज जास्तीत जास्त दहा, आणि हत्यार गप्प बसते. अटीत ‘दहापेक्षा कमी’च्या जागी ‘दहा किंवा कमी’ असे एकच चिन्ह जास्त पडले तर गरज अकरावर जाते. थकलेल्या डोळ्यांतून सुटणारी हीच चूक हत्यार पकडते.

हा हिशेब कागदावर जितका सोपा दिसतो तितका तो नाही. कोणत्याही प्रोग्रॅमच्या वागण्याबद्दलचा प्रश्न दरवेळी अचूक सोडवणारा प्रोग्रॅम लिहिता येत नाही, हे हेन्री राइस यांनी 1953 मध्येच गणिताने सिद्ध केले होते. त्यामुळे अशा हत्याराला दोन पापांतले एक करावेच लागते. काही चुका सोडून द्यायच्या, किंवा नसलेल्या चुकांचेही इशारे द्यायचे. डेव्हिड वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये बर्कलीत केवळ बफर ओव्हरफ्लोसाठी एक हत्यार केले. प्रत्येक शब्दासाठी ते दोनच आकडे सांभाळी, किती जागा दिली आणि किती भरली. ‘सेंडमेल’ या टपाल-प्रोग्रॅमच्या कोडवर त्याने 44 इशारे दिले आणि त्यांतल्या खऱ्या चुका निघाल्या 4. उरलेल्या चाळीस ठिकाणी माणूस जाऊन, वाचून, मान हलवून परत आला.

पुण्याचे काम इथे सुरू होते. स्टॅटिक अ‍ॅनॅलिसिसचा इतिहास चुका शोधण्याचा म्हणून सांगितला जातो, पण त्याचा कठीण भाग आहे इशाऱ्यावर माणसाचा विश्वास टिकवण्याचा. त्या भागात या शहराने घातलेली भर आपल्याकडे कुणी फारशी सांगत नाही, म्हणून ती जरा सविस्तर.

1981 मध्ये एफ. सी. कोहली यांच्या पुढाकाराने टीसीएसने पुण्यात टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर काढले. लोक त्याला टीआरडीडीसी म्हणतात. जागा हडपसर इंडस्ट्रियल इस्टेटमधली आणि पहिले संचालक ई. सी. सुब्बाराव, मूळचे मटेरियल सायन्समधले. भारतात सॉफ्टवेअर म्हणजे काय हेच अजून समजावून सांगावे लागत होते तेव्हा एका कंपनीने त्यावर संशोधन करायला स्वतंत्र संस्था उभारावी, ही साधी गोष्ट नव्हती. तिथे केशव नोरी आले. झुरिकमध्ये निकलाउस विर्थ यांच्या गटात पास्कल भाषेचा ‘पी-कंपायलर’ घडवणाऱ्यांत नोरी होते. पास्कल ही सीची समकालीन भाषा, पण स्वभावाने उलटी. तिच्यात कप्प्याचे माप हा कप्प्याच्या जातीचाच भाग असतो. माप विसरणाऱ्या भाषेवर जग चालले असताना माप सांभाळणाऱ्या भाषेचा एक शिल्पकार पुण्यात बसून पुढच्या पिढीला कंपायलर शिकवत होता.

मुंबईच्या आयआयटीत दुसरा झरा वाहत होता. धनंजय ढमढेरे तिथे कंपायलरच्या आत माहिती कुठून कुठे वाहते याचे गणित मांडत होते. शिरूर तालुक्यातल्या तळेगावच्या नावात जे आडनाव आहे, तेच हे आडनाव. सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगवरचे त्यांचे पुस्तक पुण्याच्या इंजिनिअरिंगवाल्यांच्या कित्येक तुकड्यांनी पाठ केले आहे. त्यांचे विद्यार्थी उदय खेडकर यांनी त्यांच्याबरोबर 1994 मध्ये या विषयाचा एक व्यापक सिद्धान्त प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षापासून 2001 पर्यंत पुणे विद्यापीठात शिकवले. पुढे आयआयटी मुंबईत अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासह त्यांनी ‘डेटा फ्लो अ‍ॅनॅलिसिस’ हा ग्रंथ 2009 मध्ये काढला. बाहेरून आलेली माहिती कोणत्या वाटांनी फिरून कोणत्या कप्प्यात पडते, हे आधी कळले तरच तो कप्पा सांडेल का, हा प्रश्न विचारता येतो. पाटाचे पाणी कोणत्या चारीतून कुठल्या दंडाला जाते ते माहीत असल्याखेरीज कोणता वाफा फुटेल ते कोण सांगणार?

नव्वदच्या अखेरीस वायटूके आले. सालासाठी दोनच आकड्यांची जागा ठेवल्यामुळे 2000 साल मावत नव्हते. हेही एका अर्थी कप्पा अपुरा पडण्याचेच दुखणे. दुसऱ्यांनी लिहिलेला, वर्षानुवर्षे न उघडलेला कोबोल कोड ओळीओळीने वाचून त्यात तारीख कुठे वाहते ते शोधण्याची सवय भारतीय सॉफ्टवेअरला त्या काळात लागली. टीसीएसने तर चेन्नईत त्यासाठी कारखान्यासारखी रचनाच उभी केली होती.

मग मोटारी आल्या. रांजणगावच्या महागणपतीला जाणाऱ्याला नगर रस्त्यालगतची एमआयडीसी दिसते. तिथल्या फियाट-टाटा यांच्या कारखान्यातून 2009 मध्ये लिनिया आणि पुंटो निघाल्या, 2017 मध्ये जीप कंपास आणि नेक्सॉन. शिरूर तालुक्यातल्या पोरांनी जोडलेल्या या गाड्यांत पत्रा, इंजिन, काच यांच्याइतकाच एक न दिसणारा सुटा भाग असतो, तो म्हणजे कोड. आजच्या डिझेल इंजिनात किती थेंब इंधन कोणत्या क्षणी फवारायचे हे एक छोटा संगणक ठरवतो. ब्रेक, एअरबॅग, काचा आणि गाणी यांना आपापले संगणक असतात. मोटारींच्या या कोडची जुनी भाषा सीच. ती जपून कशी वापरावी याचे ‘मिस्रा सी’ हे नियम ब्रिटिश मोटार-उद्योगाने 1998 मध्येच लिहून ठेवले होते.

भीती कल्पनेतली नव्हती. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन आणि सॅन दिएगो इथल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी 2011 मध्ये बाजारातली एक साधी गाडी घेऊन तिचा कोड तपासला. ब्लूटूथ सांभाळणाऱ्या भागात त्यांना ‘स्ट्रिंग कॉपी’ हे माप न विचारता उतरवून घेणारे फंक्शन वीसहून अधिक ठिकाणी सापडले. त्यांतले पहिलेच तपासले, आणि तेवढ्यावर जोडलेल्या फोनमधून गाडीत शिरता आले. खास लिहिलेल्या गाण्याच्या फाइलने सीडी प्लेअरमधला कप्पा सांडवून तिथूनही ते आत गेले.

टीआरडीडीसीत याच जातीच्या कोडसाठी ‘टीसीएस एम्बेडेड कोड अ‍ॅनालायझर’ तयार झाला होता. घरगुती नाव टेका. शून्याने भागाकार, कप्प्याबाहेरचा हात, मापात न मावणारी संख्या, असे दोष तो कोड न चालवता दाखवी. दोष दाखवणे जमले, आणि लगेच दुसरी अडचण उभी राहिली. मोठ्या कोडवर इशाऱ्यांचा ढीग पडे. तपासणाऱ्याचे काम डोळ्यांसमोर आणून पाहा. एक इशारा उघडायचा. तो सांगतो की या ओळीत अनुक्रमांक नऊच्या पुढे जाऊ शकतो. अनुक्रमांक आला कुठून? वरच्या फंक्शनमधून. तिथे? दुसऱ्या फाइलमधून. तिथे गेल्यावर दिसते की तीन अटींची चाळणी आधीच लागली आहे, तो नऊच्या पुढे जाणे शक्य नाही. इशारा खोटा. पुढचा उघडा. असे दिवसभर. संध्याकाळपर्यंत माणूस मान्य करून टाकतो की सगळे खोटेच असणार, आणि तिथेच खरा इशारा हातातून निसटतो.

या माणसाची दमछाक कमी करायची, हे पुण्याच्या गटाने आपले काम मानले. तुकाराम मुस्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये इशाऱ्यांची कुळे पाडण्याची पद्धत मांडली. एका कुळातला प्रमुख इशारा खोटा ठरला की त्याच्यामागचे अनुयायीही खोटे ठरतात. मग वाचायचा एकच. दुसरी वाट त्यांनी अशी काढली की प्रत्येक इशाऱ्यावर ‘मॉडेल चेकिंग’ हे जड पण नेमके हत्यार चालवायचे आणि जे इशारे निश्चित खोटे ते माणसापुढे येऊच द्यायचे नाहीत. मुस्के यांनी नेदरलँड्सच्या अलेक्झांडर सेरेब्रेनिक यांच्याबरोबर या विषयातल्या जगभरच्या उपायांचा आढावा 2016 मध्ये लिहिला. आर. व्यंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या गटाने घडवलेले ‘व्हेरीअ‍ॅब्ज’ प्रोग्रॅम-तपासणीच्या एसव्ही-कॉम्प या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ‘रीचसेफ्टी’ गटात 2020 आणि 2021 मध्ये पहिले आले. युरोप-अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांची हत्यारे त्या रांगेत होती. क्रिकेटच्या सामन्याला मिळते त्याच्या शतांश जागाही या बातमीला मराठी वर्तमानपत्रांत मिळाली नाही, याचे वाईट वाटते.

खोटे इशारे अगदी शून्यावर आणता येतात का? एकदा तसे झाले आहे. कुझो यांच्या गटाच्या ‘आस्त्रे’ने 2003 मध्ये एअरबस ए340 च्या उड्डाण-नियंत्रणाचा 1,32,000 ओळींचा कोड एकही इशारा न देता निर्दोष ठरवला. पण ते हत्यार त्याच घराण्याच्या कोडच्या मापाने शिवले होते. रोजच्या, दहा हातांनी लिहिलेल्या कोडवर तेवढी सफाई अजून कुणाला साधलेली नाही. 2014 च्या एप्रिलमध्ये, इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त राखणाऱ्या ओपनएसएसएल या कोडमधला ‘हार्टब्लीड’ दोष उघड झाला, तेव्हा तर उलटे दिसले. मागणाऱ्याने सांगितलेल्या लांबीवर विश्वास ठेवून तो कोड कप्प्यापलीकडची 64 किलोबाइटपर्यंत स्मृती वाचून देई, आणि बाजारातल्या नावाजलेल्या हत्यारांनी त्याचा इशारा आधी दिला नव्हता. खोटे इशारे कमी करण्याच्या नादात खरा सुटू शकतो, हे त्या दिवशी सगळ्यांना कळले, आणि हत्यारे करणाऱ्यांना आपले नियम पुन्हा लिहावे लागले.

एवढे झाल्यावर आपल्या वर्गखोल्यांकडे पाहिले की जीव तुटतो. मॉरिसच्या वर्मने ज्या ‘गेट्स’मधून वाट काढली ते फंक्शन सी भाषेच्या 2011 च्या मानकातून कायमचे काढून टाकले गेले. तरी महाराष्ट्रातल्या कितीतरी प्रयोगशाळांत त्यानंतरही टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर मुलांना नाव वाचून घ्यायला तेच शिकवले जात राहिले. ज्या मुलाने पहिले वर्ष माप न विचारता काढले, तो रांजणगाव किंवा हिंजवडीत नोकरीला लागल्यावर माप विचारेल ही अपेक्षा कशी करायची? हत्यारांना पैसे पडतात ही सबबही आता चालत नाही. सीपीपीचेक 2007 पासून फुकट आहे. जीसीसी कंपायलरमध्ये 2020 पासून स्वतंत्र विश्लेषक बसवलेला आहे, तोही फुकट.

शिरूर, दौंड आणि आसपासच्या कॉलेजांत सी शिकवणाऱ्या शिक्षकांनी एक प्रयोग जरूर करावा. पहिल्याच प्रात्यक्षिकाला मुलांकडून दहा बाइटचा कप्पा करून घ्यावा, ‘स्ट्रिंग कॉपी’ने त्यात देवनागरीत ‘शिरूर’ उतरवायला सांगावे आणि इशारे चालू ठेवून कंपायल करायला लावावे. 2017 नंतरचा जीसीसी प्रोग्रॅम चालायच्या आधीच सांगतो की दहा बाइटच्या जागेत सोळा बाइट लिहिले जात आहेत.